सोन्याचा मासा सोनेरी जन्मत नाही : एका रंगबदलाचा हजार वर्षांचा इतिहास

१/२६
जुन्या सोलापुरात वारांची नावे मिरवणाऱ्या पेठा आहेत. त्यांपैकी शुक्रवार पेठेतील एखाद्या घराची कल्पना करावी. बैठकीच्या खोलीत काचेची पेटी आणि तिच्यात नऊ गोल्डफिश : आठ सोनेरी, एक काळा. उन्हाळा सरत असताना काळ्या माशाच्या पोटावर तांबूस छटा उमटते आणि गणपती येईपर्यंत काळा रंग पाठीवरच्या एका पट्ट्यापुरता उरतो. घरात दोन मते पडतात. आजी म्हणते, घरावरचे संकट माशाने अंगावर घेतले. नातू म्हणतो, दुकानदाराने रंगवलेला मासा गळ्यात मारला.

२/२६
दोन्ही मते चुकीची आहेत, पण प्रश्न मात्र खरा आणि पुरातन आहे. पाळलेला सोनेरी मासा रंग का बदलतो, हे कोडे किमान ८०० वर्षांपूर्वी एका चिनी लेखकाने लिहून ठेवले. त्याचे पुरते उत्तर विसाव्या शतकात हाती येऊ लागले. मधल्या काळात या माशाने राजवाडे, मठ, मातीची भांडी, वैद्यकाचे ग्रंथ आणि प्रयोगशाळा असा प्रवास केला. काचेच्या पेटीतील त्या बदलत्या रंगात हा सगळा प्रवास साठलेला आहे.

३/२६
या इतिहासाचा आरंभ सोलापूरपासून फार दूर शोधावा लागतो, पण कालमापनासाठी दख्खनचीच पट्टी सोयीची आहे. इ.स. ११२६च्या सुमारास कल्याणीच्या चालुक्य सिंहासनावर तिसरा सोमेश्वर बसला. कल्याणी म्हणजे सोलापूरच्या पूर्वेला, आजच्या बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण. पुढच्याच वर्षी, ११२७ साली, चीनमध्ये दक्षिण सोंग घराण्याचा पहिला सम्राट गाओझोंग गादीवर आला. ११३८ साली सोमेश्वराची कारकीर्द संपली; त्याच वर्षी गाओझोंगने आजच्या हांगझोऊ शहरात राजधानी स्थिर केली. दोन्ही दरबारांत माशांविषयी कुतूहल होते. त्या कुतूहलाच्या दिशा मात्र वेगळ्या होत्या.

४/२६
सोमेश्वराचा ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ शके १०५१चा, म्हणजे इ.स. ११२९च्या सुमाराचा मानला जातो. मराठीच्या अभ्यासकांना तो त्यातील जुन्या मराठी पदांमुळे परिचित आहे. वीस अध्यायांचा एक विभाग, असे पाच विभाग, मिळून शंभर अध्याय. राज्यकारभारापासून पाकक्रियेपर्यंत राजाला जे जे ठाऊक असावे ते ते त्यात आले आहे. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेसाठी ग. के. श्रीगोंदेकर यांनी त्याचे संपादन केले.

५/२६
या ग्रंथातील ‘मत्स्यविनोद’ हा अध्याय गळाने मासे धरण्याच्या राजक्रीडेवर आहे. त्यात सुमारे ३५ प्रकारच्या माशांचा उल्लेख आहे. खवल्यांचे कोणते, बिनखवल्यांचे कोणते, समुद्रातील कोणते, नदीतील कोणते, मोठे, मध्यम आणि लहान कोणते, कोणाला कोणते खाद्य आवडते, अशी ही मांडणी आहे. भारतीय मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ साली या अध्यायाचा शास्त्रीय परामर्श घेतला. कल्याणीच्या दरबाराने माशाकडे शिकाऱ्याच्या तीक्ष्ण नजरेने पाहिले. त्या नजरेला मासा कोठे राहतो आणि कशाला भुलतो, हे महत्त्वाचे होते.

६/२६
त्याच शतकात सोलापुरात, म्हणजे तेव्हाच्या सोन्नलगीत, शिवयोगी सिद्धरामेश्वर पाण्याचे वेगळे काम करीत होते. परंपरा सांगते की, त्यांनी आणि त्यांच्या अनुयायांनी तळे खोदले; अल्लमप्रभू तेथे आले तेव्हा ‘तुमचा तो वड्डर सिद्धराम कोठे आहे’ अशा शब्दांत त्यांनी चौकशी केली. आज भुईकोट किल्ल्याला खेटून असलेला आणि मंदिराला कवेत घेणारा सिद्धेश्वर तलाव त्या स्मृतीशी जोडलेला आहे. तहानलेल्या प्रदेशात तळे खोदणे हाच धर्म, अशी ती धारणा होती.

७/२६
हांगझोऊच्या आसपास तळ्यांचा आणखी एक प्रकार होता. बौद्ध मठांपाशी ‘जीवदान तळी’ असत. बाजारात विकायला आलेले मासे आणि कासवे विकत घेऊन तेथे सोडली की पुण्य लाभते, अशी श्रद्धा होती. सोडलेल्या जीवांत क्वचित एखादा विलक्षण मासा असे. बाकीचे सारे करड्या-हिरवट रंगाचे, आणि हा तांबूस-पिवळा! लोकांना तो दैवी वाटे. असा मासा खाण्यापेक्षा सोडणे अधिक पुण्याचे. हांगझोऊच्या मठांतील अशा सोनेरी माशांचे उल्लेख अकराव्या शतकातील कवींच्या लेखनातही येतात.

८/२६
येथे एक सूक्ष्म गोष्ट लक्षात घ्यावी लागते. गोल्डफिशचा रानटी पूर्वज हा कार्प कुळातील, ओंजळीत मावेल असा, चिखलाळ पाण्यात राहणारा मासा. त्याची पाठ गर्द, पोट फिकट आणि एकूण रंग शेवाळासारखा. वरून पाहणाऱ्या बगळ्याला किंवा खंड्याला तो तळाच्या चिखलात दिसत नाही. अशा माशांत कधीतरी आनुवंशिक बदलाने एखादे पिल्लू तांबूस निपजते. निसर्गात तो रंग म्हणजे मृत्यूचे आमंत्रण. मठाच्या तळ्यात मात्र तोच रंग प्राण वाचवणारा ठरला. सोनेरी माशाचा इतिहास या उलटापालटीपासून सुरू होतो.

९/२६
मग असा मासा दख्खनमध्ये का घडला नाही? अभय दिलेले मासे आपल्याकडेही आहेत. रायगड जिल्ह्यात महाडजवळ वाळणकोंड येथे, पालघर जिल्ह्यात वाडा तालुक्यातील तिळसे येथे वैतरणेच्या पात्रात, देवाचे म्हणून महसीर मासे राखले जातात. त्यांना कोणी धरीत नाही. पण नदीच्या कोंडीत मासा येतो, जातो आणि कोणाशीही जुगतो. अभयाने मासा जगतो, पण वेगळी जात तयार होत नाही. त्यासाठी दुसरी पायरी लागते : निवडलेल्यांना बाकीच्यांपासून वेगळे ठेवणे. चीनमध्ये ती पायरी पार झाली.

१०/२६
गाओझोंग ११६२ साली राज्यत्याग करून हांगझोऊतील आपल्या निवृत्ती-महालात राहू लागला. तेथे सोनेरी माशांचे खास तळे असल्याचे चिनी परंपरा सांगते. राजाने केले की सरदार करतात. लवकरच श्रीमंतांच्या घरी दगड कोरून केलेली छोटी कुंडे आली आणि ती वळचणीखाली, खिडकीशी, येता-जाता दिसतील अशी मांडली जाऊ लागली. मोठ्या तळ्यातील मासा दगडी कुंडात आला. तेथे त्याचा जोडीदार कोण असावा, हे आता माणूस ठरवू लागला.

११/२६
याच राजधानीत युए के नावाचा एक अधिकारी-लेखक होऊन गेला. प्रसिद्ध सेनापती युए फेई याचा हा नातू. त्याने १२१४च्या सुमारास सिद्ध केलेल्या टिपणवजा ग्रंथात शहरातील मत्स्यपालकांची हकीकत दिली आहे. हे लोक माशाला सोनेरी करू शकतात, असे तो नोंदवतो. कृती विचारली तर ते गुपित सांगत नाहीत. काही जण म्हणतात, गावातल्या घाणेरड्या गटारांतील बारीक तांबडे किडे खाऊ घालतात. शंभर दिवसांत मासा आधी रुप्यासारखा पांढरा, मग पिवळा आणि शेवटी सोनेरी होतो.

१२/२६
यानंतर युए के याने जे लिहिले, ते इतिहासाच्या विद्यार्थ्याने विशेष ध्यानात ठेवावे. ही गोष्ट खरी की खोटी, हे तपासून पाहण्यास आपल्याला सवड झालेली नाही, असे त्याने प्रांजळपणे नमूद केले. ऐकीव माहिती ऐकीव म्हणूनच सांगण्याची ही शिस्त आठ शतके जुनी आहे. त्यामुळेच त्याची नोंद आजही उपयोगी पडते : व्यावसायिक मत्स्यपालन तेव्हा सुरू झाले होते, धंद्याची गुपिते होती आणि माशाचा रंग बदलतो, हे नजरेत भरले होते, एवढे तिच्यावरून निश्चित होते.

१३/२६
पुढची महत्त्वाची नोंद मिंग काळातील आहे. वैद्य ली शिझेन याचा ‘बेनचाओ गांगमू’ हा औषधिविषयक महाग्रंथ १५९६ साली छापून प्रसिद्ध झाला. त्यात सोनेरी माशाविषयी मोजक्या शब्दांत अचूक निरीक्षण आहे. वसंताच्या अखेरीस मासा पाणवनस्पतींवर अंडी घालतो आणि स्वतःच ती खाऊनही टाकतो. पिल्ले प्रथम काळपट असतात, बऱ्याच काळाने तांबडी होतात. काही पांढरी होतात, त्यांना रुपेरी मासा म्हणतात. काहींच्या अंगावर तांबडे, पांढरे, काळे ठिपके मिसळलेले असतात. शुक्रवार पेठेतील काचेच्या पेटीत जे दिसले, ते येथे नोंदवलेले आहे.

१४/२६
त्याच १५९६ साली झांग छ्येनदे या तरुण रसिकाने केवळ सोनेरी माशांवर एक स्वतंत्र पुस्तिका लिहिली. त्याची पद्धत निर्दय होती आणि परिणामकारकही. बाजारातून मोठ्या संख्येने मासे आणावेत, अनेक रांजणांत विभागून वाढवावेत, रोज त्यांतले मनास न येणारे काढून टाकावेत आणि शंभरात एक-दोन राखावेत. मिंग काळात रांजण आणि चिनी मातीची भांडी घरोघर आल्याने मासा वरून, जवळून आणि रोज पाहता येऊ लागला. दुहेरी शेपूट, फुगीर डोळे, आखूड अंग असे चमत्कार याच सान्निध्यातून निवडले गेले.

१५/२६
पुढे जपान, मग सतराव्या शतकात युरोप असा हा मासा जगभर गेला. १७५८ साली लिनियसने त्याला सोनेरी या अर्थाचे लॅटिन नाव दिले. १८५० साली लंडनचा रसायनज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन याने एका पेटीत दोन लहान गोल्डफिश, एक पाणवनस्पती आणि गोगलगायी ठेवून पाणी न बदलता त्यांचा समतोल साधून दाखवला. आजच्या घरगुती मत्स्यपेटीचा पाया या प्रयोगात आहे. १८६८ साली डार्विनने पाळीव प्राण्यांतील बदलांवरील ग्रंथात गोल्डफिशची दखल घेतली. महाराष्ट्रात १९५१ साली मुंबईत तारापोरवाला मत्स्यालय उघडले आणि काचेआडचा मासा पाहणे ही सामान्य माणसाची सहल झाली.

१६/२६
आता मूळ प्रश्न. सोलापुरी चादरीचे सूत आधी रंगते, मग मागावर चढते. नक्षी उठते ती रंगलेल्या धाग्यांतून. माशाच्या अंगाचे तसे नाही. येथे अंग आधी विणले जाते आणि रंग मागाहून उलगडतो. शिवाय हा रंग वरून चढवलेला नाही. त्वचेत आणि खवल्यांवर रंगपेशींचे थर असतात. काळ्या पेशींत मेलानिन असते. पिवळ्या-तांबड्या पेशींत कॅरोटिनॉइड वर्गातील द्रव्ये असतात. तिसऱ्या प्रकारच्या पेशींत ग्वानिनचे सूक्ष्म स्फटिक असतात, ते रंग देत नाहीत, प्रकाश परतवतात. माशाची धातूसारखी झळाळी यांची.

१७/२६
पिल्लू जन्मते तेव्हा काळ्या पेशी प्रबळ असतात, म्हणून ते रानटी पूर्वजासारखे मळकट दिसते. काही आठवड्यांनी वा महिन्यांनी या काळ्या पेशी मरू लागतात. पडदा दूर व्हावा तसा खालचा पिवळा-केशरी थर उघडा पडतो. काही माशांत पुढे पिवळ्या पेशीही नाहीशा होतात. मग मासा पांढरा दिसतो. ली शिझेनने पाहिलेला काळा, तांबडा आणि पांढरा हा क्रम म्हणजे एकामागून एक थर ओसरण्याचा क्रम होय. मासा सोनेरी ‘होतो’ म्हणण्यापेक्षा तो काळेपण गमावतो, हे अधिक अचूक.

१८/२६
या ओसरण्यामागे आनुवंशिकता आहे. १९७७ साली जपानी संशोधक काजिशिमा यांनी संकरांच्या आधारे दाखवले की, काळ्या पेशींचा नाश दोन प्रभावी जनुकांशी निगडित आहे. त्या दोन्हींची अप्रभावी रूपेच ज्या माशाला मिळतात, तोच जन्मभर काळ्या पेशी राखतो. त्याआधी १९२८ साली चिनी जनुकशास्त्रज्ञ शीसान चेन यांनी चकाकीच्या पेशींविषयी असेच गणित मांडले होते. एका विशिष्ट जनुकाची एक प्रत मिळाली तर मासा चितकबरा, दोन मिळाल्या तर जवळपास पारदर्शक. मठातल्या ‘दैवी’ माशाचे रहस्य शेवटी मेंडेलच्या नियमांत बसले.

१९/२६
मग युए के याने ऐकलेली तांबड्या किड्यांची गोष्ट खोटी होती काय? अर्धी खरी होती. कॅरोटिनॉइड द्रव्ये मासा स्वतः मुळापासून तयार करू शकत नाही. ती अन्नातूनच यावी लागतात. पाण्यातील बारीक कवचधारी जीव आणि शैवाल यांतून ती मिळाली की केशरी रंग खुलतो. न मिळाल्यास फिकटतो. म्हणजे आहाराने असलेला रंग गडद होतो, पण काळ्या पेशी झडण्याचा वारसाच नसेल, तर किडे कितीही घातले तरी मासा सोनेरी होणार नाही. मत्स्यपालकांचे खरे गुपित बहुधा खाद्यात नसून त्यांनी निवडलेल्या जोड्यांत होते.

२०/२६
आयुष्यभराच्या या संथ बदलाखेरीज एक चपळ बदलही असतो. काळ्या पेशीतील रंगकण मध्यभागी गोळा झाले की मासा फिका दिसतो, पसरले की गडद. हे मज्जातंतू आणि संप्रेरकांच्या हुकमाने घडते. पांढऱ्या तळाच्या पेटीत मासा उजळतो, काळ्या वाळूवर गडद होतो. रात्रीच्या अंधारानंतर सकाळी दिवा लावताच तो निस्तेज वाटतो आणि थोड्या वेळाने पूर्ववत होतो. हा आजार नव्हे. बगळ्याच्या नजरेतून निसटण्यासाठी पूर्वजांनी कमावलेली ही जुनी युक्ती काचेच्या पेटीतही विसरलेली नाही.

२१/२६
आता त्या घरातील काळ्या माशाकडे परत जावे. ‘ब्लॅक मूर’सारख्या काळ्या जातींत काळ्या पेशींची झड माणसाने निवडीने पुढे ढकललेली असते, प्रत्येक माशात ती कायमची थांबलेली असतेच असे नाही. वय वाढले की काळ्याखालून ताम्रवर्ण डोकावतो. पाणी कोमट असले की हे अधिक लवकर घडते. सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा ४० अंशांपलीकडे जातो. पेटीतले पाणीही तापते. तेव्हा मासा तांबूस झाला, यात दुकानदाराची लबाडी नाही आणि घरावरचे संकटही नाही.

२२/२६
आठ सोनेरी आणि एक काळा ही मांडणी फेंगशुईच्या प्रसाराबरोबर भारतीय घरांत आली. काळा मासा अनिष्ट शोषून घेतो, असा समज तिच्यासोबत आला. या समजात माशाचेच अनिष्ट दडलेले आहे. मासा मेला तर ‘आपल्यावरचे टळले’ म्हणून घर सुटकेचा निःश्वास टाकते आणि तेच पाणी, तीच पेटी ठेवून दुसरा काळा मासा आणते. पाण्यात काय बिघडले, हा प्रश्न कोणी विचारत नाही. शुभाशुभाचा अर्थ लावला की कारणाचा शोध थांबतो.

२३/२६
सगळेच रंगबदल निरुपद्रवी नसतात, म्हणून कारणाचा शोध महत्त्वाचा. सोनेरी माशाच्या कल्ल्यांवर वा परांच्या कडांवर अचानक काळे डाग उमटले, तर पाण्यातील ॲमोनियाने त्वचा भाजून ती भरून येत असल्याची ती खूण असू शकते. माशाच्या उत्सर्गातून ॲमोनिया सतत पाण्यात येत असतो. उपयोगी जिवाणू आणि नियमित पाणीबदल यांवाचून तो साठतो. तांबडे होत जाणारे पर, रंगाबरोबर मंदावणारी हालचाल, पृष्ठभागावर तोंड काढून घेतलेला श्वास, ही लक्षणे वेगळी. तेथे वय आणि वारसा यांची सबब चालत नाही.

२४/२६
सोलापुरात पाणीबदल ही साधी गोष्ट नाही. रोज नळाला पाणी न येणाऱ्या या शहरात घरोघर पिंप आणि टाक्या भरून ठेवल्या जातात; माणसांच्या पाण्यातून माशाचा वाटा काढायचा असतो. सोपा मार्ग असा : सगळे पाणी एकदम न फेकता थोडा भाग नियमाने बदलावा, भरून ठेवलेले पाणी उघड्यावर राहू दिल्यास त्यातील क्लोरीन बरेचसे उडून जाते, काढलेले पाणी कुंड्यांतील झाडांना घालता येते. बाटलीएवढ्या गोल भांड्यात गोल्डफिश ठेवणे मात्र कोणत्याही शहरात क्रौर्यच. मोकळ्या पाण्यात हा मासा वीतभर सहज वाढतो.

२५/२६
मासा नकोसा झाला की तो सिद्धेश्वर किंवा संभाजी तलावात सोडून द्यावा, हा विचार दयेचा वाटतो. हांगझोऊच्या मठांत तोच पुण्याचा होता. पण मठाच्या तळ्यात मासा आपल्याच मुलखात होता. परक्या पाण्यात गोल्डफिश तळ उकरतो, गाळ उसळवतो, पाणवनस्पती खातो आणि आपल्याबरोबर रोगही नेतो. ऑस्ट्रेलिया व उत्तर अमेरिकेतील तळी हे भोगत आहेत. मोकळ्या पाण्यात पिढ्या वाढलेल्या गोल्डफिशमध्ये पुन्हा शेवाळी-तपकिरी मासे मोठ्या संख्येने दिसतात. भडक माशाला राखणारा माणूस तेथे नसतो आणि बगळा पुन्हा आपली निवड सुरू करतो.

२६/२६
प्रत्येक गोल्डफिश आपल्या आयुष्याचे पहिले काही आठवडे रानटी पूर्वजाच्या रंगात काढतो. नंतर उमटणारा सोनेरी रंग हा जीवदान देणाऱ्या भाविकाचा, कुंड मांडणाऱ्या सरदाराचा आणि शंभरातून एक राखणाऱ्या पालकाचा एकत्रित दस्तऐवज आहे. तो वाचायला फार साधने लागत नाहीत. शुक्रवार पेठेतल्या त्या नातवाने एक वही घ्यावी; तारीख, पाण्याचे तापमान, खाद्य आणि माशाच्या अंगावर उरलेला काळा भाग दर आठवड्याला टिपावा; आजीलाही दाखवावा. युए के याला जे तपासायला सवड झाली नाही, ते एका उन्हाळ्याच्या सुटीत तपासून होण्यासारखे आहे.